चिपळूणच्या बाजारपेठेतला मनी चेंजर : डॉलर, दिरहम, रियाल बदलल्याचा अनुभव (४ स्टार)

मी गुहागर तालुक्यातला, चौदा वर्षं बोटीवर आहे, इंजिन रूमला फिटर. पगार अलॉटमेंटने, म्हणजे कंपनीकडून परस्पर, घरच्या बँकेत जातो पण बोटीवर कॅप्टनकडून थोडी थोडी कॅश घेतलेली असते आणि साइन ऑफ होताना, म्हणजे करार संपवून बोटीवरून उतरताना, ती डॉलरमध्ये खिशात उरते, शिवाय वाटेत दुबई लागली की थोडे दिरहम. यावेळी यूएईतल्या फुजैराह बंदरात साइन ऑफ झालो, दुबईहून मुंबई, रात्रीची कोकणकन्या पकडून पहाटे चिपळूण. घरी जायच्या आधी पैसे बदलून घेऊ म्हणून स्टेशनवरून मेव्हण्याकडे जाऊन आंघोळ-नाश्ता केला आणि साडेदहाला बाजारपेठेतल्या या दुकानात गेलो. गेली पाच-सहा वर्षं इथेच येतोय, आणि आमच्या भागात घरटी एक माणूस बोटीवर नाहीतर गल्फमध्ये असतो, तरी कोणी याबद्दल नीट लिहिलेलं दिसत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

दुकान लहान आहे, एक काउंटर, आत एक केबिन, चार खुर्च्या. भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर एक पिवळट रेघ आहे, ती २२ जुलै २०२१ च्या पुराची. वाशिष्ठीचं पाणी तिथवर चढलं होतं आणि काउंटरवरच्या काकांनी रंग देताना तेवढी पट्टी मुद्दाम सोडली. तेव्हा आत राहिलेल्या परदेशी नोटा भिजल्या होत्या, एकेक सुट्टी करून पंख्याखाली वाळवल्या तरी पुढे मुंबईच्या पार्टीने त्या कमी भावानेच घेतल्या. नोटा इतक्या निरखून का बघतात, प्रत्येक नोट उजेडात का धरतात, याचा मला पूर्वी राग यायचा. हे ऐकल्यावर येईनासा झाला.

काउंटरवरचे काका आधी बावीस वर्षं मस्कतला एका एक्सचेंज हाऊसमध्ये कॅशियर होते. त्यांच्यामुळेच मी इथे येतो हे खरं. विचारलं तर सांगतात, आणि कागदावर मांडून सांगतात.

आता रेटचं. बोर्डावर प्रत्येक करन्सीपुढे दोन आकडे असतात, एक ते घेतात तो आणि एक ते देतात तो. त्या दिवशी डॉलरला ८४.९० आणि ८७.१० होतं. मोबाईलवर बघितलं तर डॉलर ८६. आपला माणूस इथेच भडकतो, की गूगलवर ८६ आहे आणि तुम्ही ८४.९० देताय म्हणजे लुटताय. मी पण एकदा भडकलो होतो. काकांनी तेव्हा सांगितलं ते असं, की मोबाईलवर दिसतो तो दोन्ही भावांच्या मधला आकडा, ज्याला धंद्यात आयबीआर म्हणतात, बँका आपापसात कोटी-कोटीचे व्यवहार करतात त्याचा तो भाव. तिथे घेण्या-देण्यात फरक एखाद्या पैशाचा किंवा त्याहून कमी, कारण तिथे नोट नसतेच, एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नुसती एंट्री होते. आपण देतो ती कागदाची नोट. ती यांना मोजायची, खोटी नाही ना बघायची, तिजोरीत ठेवायची, विमा उतरवून मुंबईला पाठवायची, आणि तोवर त्यांचे रुपये अडकलेले आणि मध्येच डॉलर पडला तर नुकसान त्यांचंच. म्हणून बँकेच्या रेटच्या कागदावर सुद्धा टीटीचा, म्हणजे खात्यातून खात्यात जाणाऱ्या पैशाचा, भाव वेगळा आणि करन्सीचा वेगळा असतो, आणि नोटेचा नेहमी वाईट.

म्हणजे दुकान चांगलं का वाईट हे ८४.९० या आकड्यावरून नाही कळत, ८६ पासून तो किती लांब आहे त्यावरून कळतं. इथे १ रुपया १० पैसे, म्हणजे सव्वा टक्क्याच्या आसपास. छोट्या गावात नोटेला हा मला रास्त वाटतो. उलट मागच्या सुट्टीत एका विमानतळावरच्या काउंटरवर, नाव घेत नाही, मोठ्या अक्षरात ‘कमिशन नाही’ लिहिलं होतं, रात्रीची वेळ होती, टॅक्सीला पैसे हवे होते, मी ५०० डॉलर दिले. बाजारात ८४ असताना त्यांनी ७९.५० लावला. ५०० डॉलरवर २,२५० रुपये गेले. कमिशन खरंच शून्य होतं, सगळं त्यांनी रेटमधून काढलं. पावती नीट बघितली ती घरी आल्यावर. त्या दिवसापासून माझं पहिलं काम म्हणजे आयबीआर बघायचा आणि वजाबाकी करायची.

आता दिरहम-रियालवाल्यांसाठी एक गोष्ट सांगतो जी मला काकांनी शिकवली आणि जी प्रत्येक गल्फवाल्याच्या घरात माहीत पाहिजे. गावात म्हणतात ‘आज दिरहम वाढला’. दिरहम वाढत नाही हो. १९९७ पासून एक डॉलर म्हणजे ३.६७२५ दिरहम हे त्यांच्या सरकारने बांधून ठेवलंय. सौदी रियाल १९८६ पासून ३.७५ ला. ओमानी रियाल उलटा मोठा, एक रियाल म्हणजे साधारण २.६० डॉलर. ते सगळे डॉलरच्या दाव्याला बांधलेले, हलतो तो आपला रुपया. म्हणून मोबाईलवर दिरहमचा रेट शोधायची पण गरज नाही, डॉलरचा भाव घ्या आणि ३.६७२५ ने भागा. ८६ ला भागलं की २३.४२ आले. बोर्डावर दिरहम घ्यायचा भाव होता २२.९५, म्हणजे ४७ पैसे कमी, दोन टक्के. डॉलरवर सव्वा टक्का आणि दिरहमवर दोन टक्के, हा फरक बोर्ड बघून कधीच लक्षात येत नाही, कारण दिरहमचा आकडा छोटा, ४७ पैसे म्हणजे काय असं वाटतं. हजार दिरहमला ४७० रुपये होतात. ओमानीत तर २१८.५० देत होते आणि हिशोबाने २२३.६७ यायला हवे, म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या वर. विचारलं तर काका म्हणाले ओमानी घेणारं गिऱ्हाईक इथे फार नाही, नोटा पडून राहतात. पटलं. फक्त कुवैती दिनारला ही भागाकाराची युक्ती चालत नाही, तो २००७ पासून एकट्या डॉलरला नाही तर बऱ्याच करन्सींच्या गाठोड्याला बांधलेला आहे.

आणि याच भागाकारातून माझ्या डोक्यात यावेळी जे आलं ते पूर्ण सांगतो, कारण बऱ्याच पोरांच्या डोक्यात ते येतं.

साइन ऑफच्या दोन दिवस आधी मेव्हण्याचा फोन, की उमराला जाणारा मोठा ग्रुप आहे, दुकानाला रियाल हवेत, सौदी रियाल २२.८० ने घेतायत. मी बोटीवरच हिशोब केला. ८६ भागिले ३.७५ म्हणजे २२.९३. म्हणजे रियालवर दुकान फक्त १३ पैसे कापतंय, अर्ध्या टक्क्याच्या जरा वर, आणि डॉलरवर सव्वा टक्का. तर मग डॉलर तसेच न नेता दुबईत त्यांचे रियाल करायचे आणि रियाल चिपळूणला विकायचे, मधला पाऊण टक्का आपला. डॉलर ते रियाल, रियाल ते रुपया, आडवाटेने जायचं आणि सरळ वाटेपेक्षा जास्त पैसे घेऊन पोचायचं. याला आर्बिट्राज म्हणतात हे मला माहीत होतं, तीन करन्सीत फिरतो म्हणून त्रिकोणी आर्बिट्राज. २,००० डॉलर होते, त्यातल्या १,००० चे दुबईत रियाल केले. एक्सचेंजवाल्याने ३.७२ चा भाव दिला, ३,७२० रियाल हातात आले.

इथे आलो तर बोर्डावर रियाल २२.६०. ग्रुपला लागणारे रियाल आदल्या दिवशीच जमले होते. ३,७२० गुणिले २२.६० म्हणजे ८४,०७२ रुपये. सरळ डॉलर दिले असते तर ८४,९००. आठशे अठ्ठावीस रुपये कमी.

मी म्हटलं काका, कालचा भाव मिळाला असता तर जमलं असतं. त्यांनी कॅल्क्युलेटर माझ्याकडे सरकवला, ‘कर बघू कालच्या भावाने’. ३,७२० गुणिले २२.८०, आले ८४,८१६. म्हणजे कालच्या भावाने पण ८४ रुपये कमीच! मी ३.७५ धरून बसलो होतो, पण ३.७५ हा सरकारी भाव, दुबईच्या काउंटरवर मला मिळाला ३.७२, तिथेच ०.८ टक्के गेले आणि मी कमावणार होतो ०.७. काका म्हणाले, ‘बाळा, तुला तिथे निदान ३.७२४ मिळायला हवे होते, तेव्हा कुठे बरोबरीत आला असतास. प्रत्येक काउंटर ओलांडताना टोल आहे, दोन काउंटर ओलांडलेस तर दोन टोल.’

मग मी विचारलं की हे जमतच नाही तर जगात आर्बिट्राज करतं कोण. इथे त्यांनी जे सांगितलं त्यासाठी मी हे दुकान कधी सोडणार नाही. आमच्याकडचंच उदाहरण दिलं. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी लिलाव होतो, तिथे सुरमई एका भावाने उचलतात आणि पुण्याच्या मंडईत तीच दुसऱ्याच भावाने विकली जाते. मधे बर्फ आहे, टेम्पो आहे, डिझेल, हमाली, आणि घाटात टेम्पो बंद पडला तर माल खराब. म्हणून हर्णै आणि पुण्याचा भाव कधी एक होणार नाही, तो फरक राहणारच, आणि त्या फरकावरच व्यापाऱ्याचं पोट आहे. पण करन्सीच्या मोठ्या बाजारात ना बर्फ ना टेम्पो. लंडनच्या बँकेत डॉलर एका भावाने आणि सिंगापूरच्या बँकेत दुसऱ्या भावाने दिसला तर बटण दाबलं की एकीकडे खरेदी आणि दुसरीकडे विक्री त्याच क्षणी होते. त्यामुळे जिथे स्वस्त तिथे घेणारे वाढतात आणि भाव चढतो, जिथे महाग तिथे विकणारे वाढतात आणि भाव उतरतो, आणि फरक मिटतो. हे काम आता माणसं करतच नाहीत, कॉम्प्युटर करतात, सेकंदाच्या हजाराव्या भागात. मला मोबाईलवर जगात कुठेही डॉलरचा जवळपास एकच भाव दिसतो तो कोणी ठरवून दिलेला नाही, हजारो लोक फरक शोधत बसलेत म्हणून तो एक आहे. हे माझ्या डोक्यात कधीच आलं नव्हतं. मी समजायचो रिझर्व्ह बँक रोज सकाळी रेट ठरवते आणि सगळे तो लावतात.

रिझर्व्ह बँक बाजारात उतरते, रुपया फारच घसरायला लागला की सरकारी बँकांमार्फत डॉलर विकते, पण भाव बाजारातच ठरतो. हा बाजार म्हणजे शेअर बाजारासारखी इमारत नाही, बँकांचं आपापसातलं जाळं. २०२५ च्या एप्रिलमध्ये जगभरच्या मध्यवर्ती बँकांनी मिळून मोजदाद केली तेव्हा दिवसाला ९.६ लाख कोटी डॉलरचे व्यवहार निघाले, आणि त्यातल्या १०० पैकी ८९ सौद्यांत एका बाजूला डॉलर. म्हणून तर दिरहमचा रुपयातला भाव पण डॉलरवरूनच काढावा लागतो. आपल्याकडे रुपया-डॉलरचा बाजार सकाळी ९ ते दुपारी साडेतीन. पण सिंगापूर, लंडन, दुबईत रुपयाचे सौदे त्यानंतरही चालतात, तिथे प्रत्यक्ष रुपया कोणी देत नाही की घेत नाही, ठरलेल्या तारखेला भावात जो फरक पडेल तेवढा डॉलरमध्ये चुकता करतात. त्याला एनडीएफ म्हणतात. जून २०२० मध्ये आपल्या बँकांना पण गुजरातच्या गिफ्ट सिटीतल्या शाखांमधून तिथे उतरायची परवानगी मिळाली, आणि तिथला भाव आणि इथला भाव वेगळा दिसला की बँका एकीकडे घेऊन दुसरीकडे विकतात, म्हणजे मी जे १,००० डॉलरवर करायला गेलो तेच, पण त्यांचा टोल अर्ध्या पैशाचा.

शनिवार-रविवारी इथे रेट जरा खाली का असतो तेही यातच आलं. मोठा बाजार बंद असतो, सोमवारी कुठे उघडेल माहीत नाही, म्हणून दुकानदार दहा-वीस पैसे जास्त कापून ठेवतो. शक्यतो मधल्या वारी जा, आणि दुपारच्या आत.

केबिनमध्ये एक फ्रेम आहे ती मागून घेऊन नक्की बघा. आत दहा रुपयांची नोट, आपलीच, रिझर्व्ह बँकेची, पण रंगाने लाल आणि नंबराच्या आधी झेड अक्षर. ती गल्फ रुपयाची नोट. काकांचे आजोबा बहारीनला होते तेव्हाची. आज आपण दिरहम-रियालसाठी तिकडे जातो पण तेव्हा तिकडे चलनच आपला रुपया होतं, कुवैत, बहारीन, कतार, दुबई, मस्कत सगळीकडे. आणि तो वेगळ्या रंगात का छापावा लागला, तर आर्बिट्राजमुळेच. पन्नासच्या दशकात तिकडे सोनं स्वस्त आणि आपल्याकडे महाग. मग लोक इथून रुपयाच्या नोटा चोरून तिकडे नेत, सोनं घेत आणि ते चोरून किनाऱ्यावर उतरवत. त्या नोटा तिकडच्या बँकांमार्फत परत रिझर्व्ह बँकेकडे यायच्या आणि तिला त्या बदल्यात पौंड मोजावे लागायचे. देशाची परकीय गंगाजळी अशी पाझरत होती. म्हणून १९५९ मध्ये गल्फपुरता वेगळा रुपया काढला जो भारतात चालणार नाही. काकांनी सांगितलं तेव्हा मी त्या लाल नोटेकडे बघतच राहिलो, कारण आमच्या किनाऱ्यावर सोनं उतरल्याच्या गोष्टी आजोबांकडून ऐकल्या होत्या पण त्याचं टोक असं रिझर्व्ह बँकेच्या नोटांच्या छापखान्यापर्यंत जातं हे माहीत नव्हतं. पुढे ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं, डॉलर एका रात्रीत ४.७६ चा ७.५० झाला, आणि तिकडे ज्यांच्याकडे रुपये होते त्यांची बचत पण तेवढीच हलकी झाली. कुवैत-बहारीनने त्याआधीच स्वतःचं चलन काढलं होतं, कतार-दुबईने त्याच वर्षी रुपया सोडला, ओमानमध्ये १९७० पर्यंत चालला.

मी बसलो होतो तेव्हा शेजारच्या गावचा एक दुबईवाला आला होता. त्याचा प्लॅन, दुबईत कमी व्याजाने लोन काढायचं आणि इथे एफडी करायची, व्याजातला फरक आपला. काकांनी त्याला २०१३ ची आठवण दिली. मे महिन्यात डॉलर ५५ च्या आसपास होता आणि ऑगस्टअखेर ६८ च्या वर गेला. लोन दिरहममध्ये म्हणजे डॉलरमध्येच, ते फेडायला तीन महिन्यांत वीस टक्क्यांहून जास्त रुपये लागले असते, एफडीचं दोन-तीन टक्के जास्तीचं व्याज कुठे पुरणार. आणि पुढचा भाव आजच बांधून घ्यायचा म्हटलं तर फॉरवर्डमध्ये बँक तुमच्याकडून तो व्याजाचा फरकच प्रीमियम म्हणून घेते. तो गप्प बसला, मग हुंडीचा, म्हणजे बँकेशिवाय माणसामार्फत परस्पर पैसे पाठवायचा, विषय काढला, तिकडे एकजण सव्वीस पैसे जास्त देतो म्हणून. यावर काका एकच वाक्य बोलले, की ज्या पैशाची पावती नाही तो पैसा घर घेताना दाखवता येत नाही. मी यात भर घालतो, फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात ते बेकायदेशीर आहे आणि पैसे मधे बुडाले तर कुठे तक्रार करता येत नाही. आमच्या वाडीत एका बाईचे असे सहा महिन्यांचे पैसे गेले, नवरा तिकडे राबून पाठवत होता. कृपा करून करू नका.

आता दुकानाच्या उणिवा, कारण चारच स्टार दिलेत. दुपारी दीड ते चार बंद. गुहागर-दापोलीहून एसटीने येणाऱ्या माणसाने काय करायचं, दोनदा मी अडीच तास बाहेर बसलोय. बोर्ड सकाळी एकदा लिहितात तो दुपारपर्यंत तसाच, मधे डॉलर वर गेला असला तर तुम्ही बोलल्याशिवाय बदलत नाहीत, बोललं की लगेच बदलतात, पण न बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं काय. सुट्टी नाणी घेत नाहीत. जुन्या छोट्या चेहऱ्याच्या १०० डॉलरला निळ्या पट्टीवालीपेक्षा एक रुपया कमी देतात, अमेरिकेत त्या नोटेची किंमत तेवढीच असली तरी, कारण पुढचा घेणारा कापतो. फोनवर रेट सांगतात पण धरून ठेवत नाहीत, रियालचं माझं तेच झालं.

चांगलं म्हणजे पावती. प्रत्येक व्यवहाराचं एनकॅशमेंट सर्टिफिकेट देतात, त्यावर रेट, नोटांचा तपशील, जीएसटी वेगळा. जीएसटी सगळ्या रकमेवर नसतो, लाखापर्यंत रकमेच्या एक टक्क्यावर १८ टक्के, म्हणजे माझ्या ८४,९०० वर १५३ रुपये, आणि छोट्या रकमेला कमीत कमी ४५. पन्नास-शंभर दिरहम बदलायला जाणार असाल तर ते ४५ ध्यानात ठेवा, मी माझे ६० दिरहम पुढच्या वेळेसाठी ठेवले. भारतात राहणाऱ्याला १,००० डॉलरपर्यंतच रोख रुपये देतात, त्यावरचं खात्यात, आणि भारतात कायम राहणाऱ्याने २,००० डॉलरच्या वरच्या नोटा आल्यापासून १८० दिवसांत बदलायच्या असतात. येताना ५,००० डॉलरच्या वर नोटा असतील तर विमानतळावर कस्टमला फॉर्म भरून द्या, तो कागद इथे मागतात.

जाताना पासपोर्ट, पॅन आणि बोटीवाल्यांनी सीडीसी (खलाशाचं सरकारी ओळख-पुस्तक) न्या, झेरॉक्स तेच काढतात. गाडी बाजारपेठेत आणू नका, पार्किंग मिळत नाही, स्टँडकडे लावून चालत या. आणि काका सकाळीच असतात, अकराच्या आत गेलात तर त्यांच्याशी बोलायला वेळ मिळेल, त्यानंतर पुतण्या बसतो, तो व्यवहाराला चोख आहे पण कागदावर मांडून सांगत नाही.